एकादशीला आई बरी का चालते

आमच्या आईला पार्किन्सन्स होऊन सात वर्षं झाली. त्यातल्या गेल्या दोन वर्षांत घरात सगळ्यांच्याच लक्षात आलेली एक गोष्ट म्हणजे एकादशीला ती बरी चालते. एरवी दुपारचं जेवण झालं की तासाभरात तिचे पाय फरशीला चिकटल्यासारखे होतात, बाथरूमपर्यंत जायचं तर सोबत कुणीतरी लागतं, आणि उंबऱ्यापाशी आली की पाऊल उचलतच नाही, जागच्या जागी नुसती टाच हलत राहते. पण एकादशीला दुपारी तीन वाजता हीच आई स्वतः उठते, माठातलं पाणी घेते, मागच्या दारी जाऊन वाळलेले कपडे काढते. "पांडुरंग चालवतो रे," म्हणते. तिचे वडील वारकरी, वर्षानुवर्षं वारी चुकवली नाही त्यांनी, त्यामुळे हे तिच्या तोंडून अगदी सहज येतं.

मी त्यावर कधी काही बोललो नाही. पण माझं कराडला मेडिकल आहे, बी. फार्म. झालोय, आणि महिन्यातून बरोबर दोनदा बरं वाटतं म्हणजे काहीतरी कारण असणार हे डोक्यातून जाईना. पुढे ते सापडलं. पण सांगायचं तर जरा लांबून यावं लागेल.

सुरुवात वासापासून झाली. आजार कळायच्या चार-पाच वर्षं आधी असेल, लसणाची फोडणी करपून घरभर धूर झाला तरी आईला पत्ता नाही, आम्ही म्हटलं सर्दी असेल. मग चालताना डावा हात हलेनासा झाला. खांदा दुखतो म्हणाली तर एका डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर म्हणून वर्षभर शेक आणि व्यायाम दिले, दुखण्याच्या गोळ्या मीच माझ्या दुकानातून आणून दिल्या. हात थरथरत नव्हता ना, त्यामुळे पार्किन्सन्स कुणाच्या डोक्यात आला नाही. माझ्याही नाही, आणि ते मला अजून लागतं, कारण मी रोज त्याच गोळ्या विकत होतो.

शेवटी पुण्याला एका न्यूरॉलॉजिस्टनी तिला खोलीत फक्त दहा पावलं चालायला लावलं आणि म्हणाले ट्रोडॅट स्कॅन करून घेऊ. रिपोर्ट आल्यावर त्यांनी मला स्क्रीनवर दोन चित्रं दाखवली. निरोगी मेंदूत मध्यभागी दोन चमकणारे स्वल्पविराम दिसतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. आईच्या चित्रात स्वल्पविरामाच्या शेपट्या गेलेल्या, राहिले होते दोन ठिपके, एक जरा मोठा आणि एक अगदी बारीक. म्हणजे पूर्णविरामच. पार्किन्सन्समध्ये कमी पडतं ते मेंदूतलं निरोपाचं रसायन म्हणजे डोपामिन, एवढं मला माहीत होतं. मी म्हटलं, डॉक्टर हे चमकतंय ते डोपामिन का? ते म्हणाले, नाही, डोपामिन परत उचलणारं प्रोटीन. ते जिथे असतं तिथे डोपामिनच्या पेशीचं टोक जिवंत आहे असं धरायचं.

डोपामिन परत उचलणारं. कॉलेजात हे मी रिअपटेक म्हणून पाठ केलं होतं, पेपरात लिहून मार्कही मिळवले होते, पण गाडी चालवत कराडला येताना पहिल्यांदा नीट विचार केला की परत कशाला उचलायचं? सोडलेली वस्तू परत का घ्यायची?

तर मेंदूतल्या चेतापेशी, म्हणजे न्यूरॉन, एकमेकींना सहसा टेकलेल्या नसतात. हे ठरायलाच केवढा वाद झाला. इटलीचा गोल्जी म्हणायचा सगळं एकसंध जाळं आहे, स्पेनचा काहाल म्हणायचा प्रत्येक पेशी सुटी आहे, आणि १९०६ मध्ये दोघांना मिळून एकच नोबेल दिलं तर गोल्जीने त्या भाषणातसुद्धा काहालचं म्हणणं मान्य केलं नाही. काहाल बरोबर होता. दोन पेशींमध्ये बहुतेक ठिकाणी साधारण २० नॅनोमीटरची फट असते, आपल्या एका केसाच्या जाडीत अशा काही हजार फटी मावतील. पेशीतून विजेचा झटका धावत येतो पण फटीपाशी येऊन थांबतो. तिथे टोकाशी कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत आलं की आत तयार ठेवलेल्या बारीक बारीक पिशव्या पेशीच्या भिंतीला चिकटून फुटतात, एकेका पिशवीतून हजारो रेणू फटीत पडतात आणि पलीकडच्या पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रोटीनला, जाऊन बसतात. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास.

निरोप रसायनातून जातो हे १९२१ मध्ये ऑस्ट्रियात ग्राझला ओटो लोवीने दाखवलं. बेडकाचं एक हृदय, त्याची व्हेगस नर्व्ह चेतवली की ते मंदावतं, त्याभोवतीचं पाणी काढून दुसऱ्या हृदयावर टाकलं तर तेही मंदावलं, नर्व्हचा काही संबंध नसताना. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन निघालं. १९३६ मध्ये हेन्री डेलबरोबर त्याला नोबेल मिळालं आणि १९३८ मध्ये नाझींनी त्याला ज्यू म्हणून पकडलं, बक्षिसाचे पैसे त्यांच्या ताब्यात दिल्यावरच देशाबाहेर जाऊ दिलं. हे वाचल्यापासून लोवी म्हटलं की मला बेडकाच्या आधी ते पैसे आठवतात.

पण मला विचारायचं होतं ते फटीत पडलेल्या रेणूचं पुढे काय होतं हे. तो तिथेच राहिला तर? रिसेप्टरवर बसला, उठला, परत बसला, निरोप संपेचना, आणि मागून येणारा नवीन निरोप त्या गोंगाटात कळणार कसा. म्हणून फट साफ करावीच लागते, दरवेळी, लगेच.

ॲसिटिलकोलिनच्या बाबतीत हे काम कात्रीने होतं. फटीतच एक एन्झाइम बसलेलं असतं, ते रेणूचे दोन तुकडे करून टाकतं, भयंकर वेगाने. ही कात्री बंद पडली तर काय होतं ते आपल्या महाराष्ट्राने बघितलंय. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. फवारलेल्या औषधांत ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली होती, आणि हा गट नेमकी हीच कात्री जाम करतो. मग तोंडातून लाळ, अंगभर घाम, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत पाणी, स्नायू आपोआप फडफडतात आणि शेवटी थकून थांबतात, श्वासाचे पण. माणूस निरोप न पोचल्यामुळे मरत नाही त्यात, पोचलेला निरोप मिटवता न आल्यामुळे मरतो. अंगावर उघडं शर्ट, पाठीवर पंप, डोळ्यांना चष्मा नाही, कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. त्या दिवसांत पेपर वाचताना माझ्या हाताखालच्या कपाटात ॲट्रोपीनचे, म्हणजे या विषावरच्या उताऱ्याचे, अँप्यूल होते आणि मी नुसता बघत बसलो होतो.

डोपामिन, सेरोटोनिन, नॉरॲड्रिनॅलिन या निरोपाच्या रसायनांचंही असंच कापाकापीने होत असणार असं शास्त्रज्ञ बरीच वर्षं धरून चालले होते. ते चूक आहे हे दाखवलं ज्युलियस ॲक्सलरॉडने, आणि या माणसाबद्दल मला फार आदर आहे. न्यूयॉर्कचा गरीब घरातला मुलगा, मेडिकलला ॲडमिशन मिळाली नाही, मग एका लॅबमध्ये खाण्याच्या पदार्थांतली व्हिटॅमिन मोजायच्या नोकरीला लागला. तिथे अमोनियाची बाटली फुटून एक डोळा गेला. पीएचडी झाली १९५५ मध्ये, तेव्हा वय त्रेचाळीस. दोन वर्षांनी त्याने कॉम्ट नावाचं एन्झाइम शोधलं जे नॉरॲड्रिनॅलिन मोडतं, म्हणजे कात्री सापडली असंच वाटलं सगळ्यांना. पण ही कात्री आणि दुसरी माहीत असलेली कात्री, दोन्ही बंद केल्या तरी नॉरॲड्रिनॅलिनचा परिणाम झटक्यात संपायचा. मग ते जातं कुठे?

१९६१ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांजरांवर एक प्रयोग केला जो मला अजून वाचायला आवडतो कारण तो इतका साधा आहे. मानेतला एका बाजूचा गँग्लियॉन, म्हणजे चेतापेशींची गाठ, काढून टाकला, म्हणजे त्या बाजूच्या नर्व्ह काही दिवसांत झडून गेल्या, दुसरी बाजू तशीच ठेवली. मग किरणोत्सारी नॉरॲड्रिनॅलिन टोचलं. जिथे नर्व्ह होत्या त्या बाजूने ते साठवून घेतलं, जिथे नव्हत्या तिथे जवळपास काहीच नाही. म्हणजे नर्व्हच ते गिळत होती. ज्या पेशीने सोडलं तीच परत घेऊन ठेवत होती, पुढच्या वेळेला वापरायला. आणि कोकेन किंवा त्या वेळचं डिप्रेशनचं औषध इमिप्रामिन दिलं की हे परत घेणं थांबायचं. एका फटक्यात दोन औषधं कशी काम करतात ते कळलं. १९७० मध्ये त्याला नोबेल मिळालं. स्वतः शोधलेल्या एन्झाइमला सगळं श्रेय देऊन गप्प बसला असता तरी चाललं असतं की, पण बसला नाही.

हे परत घेणारे म्हणजे ट्रान्सपोर्टर प्रोटीन. मी त्यांना मनात हमाल म्हणतो, मार्केट यार्डातले, आणि हमाल म्हणताना आदरानेच म्हणतो. पेशीच्या पातळ भिंतीत हे प्रोटीन आरपार बसलेलं असतं, मधोमध एक खोबण. बाहेरच्या बाजूने खोबण उघडी असते तेव्हा डोपामिनचा रेणू त्यात येऊन बसतो, सोबत सोडियम आणि क्लोराइडही बसतात, मग बाहेरचं दार मिटतं, आतलं उघडतं, माल आत पडतो. दोन्ही दारं एकाच वेळी उघडी कधीच नसतात. बँकेत कॅशियरच्या केबिनला असतात तशी, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. आणि हमालाला मजुरी लागते, ती सोडियम देतं. पेशीच्या बाहेर सोडियम भरपूर, आत कमी, त्यामुळे त्याला आत शिरायची ओढ असते, आणि त्या ओढीवर डोपामिन ओढून आत आणलं जातं. मग आत आलेलं सोडियम परत बाहेर फेकायला वेगळा पंप, तो एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, दिवसरात्र. आपण गाढ झोपलेलो असताना मेंदू इतकी शक्ती कशाला खातो, त्याचं मोठं कारण हे पंप.

या हमालांचा चेहरा बघायला मिळाला अगदी अलीकडे. २००५ मध्ये अमेरिकेत एरिक गुओच्या लॅबने एका जिवाणूतल्या अशाच प्रोटीनची रचना काढली, आणि २०१३ मध्ये त्याच लॅबमधून फळमाशीच्या डोपामिन ट्रान्सपोर्टरची आली, तीसुद्धा डिप्रेशनचं औषध खोबणीत अडकलेल्या अवस्थेत. त्या कामात पुढे होते अरविंद पेनमत्सा, जे आता बंगळुरूला आयआयएससी या संशोधन संस्थेत याच विषयावर काम करतात. ते चित्र मी मोबाईलवर कितीदा मोठं करून बघितलंय. दारात पाचर मारावी तसं औषध बसलंय, दार ना मिटतंय ना उघडतंय.

माझ्या काउंटरवर रोज चार-पाच तरी चिठ्ठ्या अशा पाचरांच्या येतात. फ्लुओक्सेटिन, एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन. ही सेरोटोनिनच्या हमालाला अडवतात. लोक हळू आवाजात विचारतात की दादा किती दिवसांनी लागू होईल, आणि मी सांगतो की दोन-चार आठवडे द्या, मध्येच सोडू नका. गंमत अशी की हमाल तर काही तासांतच अडतो, मग बरं वाटायला आठवडे का? त्या आठवड्यांत पेशी स्वतःला नवीन परिस्थितीशी जुळवत असतात, रिसेप्टर कमी-जास्त करतात, नवे जोड धरतात. त्यामुळे सेरोटोनिन कमी होतं ते भरलं, टाकी भरली, असं सोपं ते नाही, आणि असं सोपं करून सांगणं मी बंद केलंय.

आणि एक सांगतो, कारण हे प्रत्येक घरात माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. मेंदूत सगळ्यात जास्त वापरला जाणारा निरोप ग्लुटामेटचा, आणि तो उचलायचं काम जास्त करून शेजारच्या ताऱ्यासारख्या आकाराच्या मदतनीस पेशी करतात. लकव्याच्या झटक्यात, म्हणजे स्ट्रोकमध्ये, रक्त थांबतं, एटीपी संपतं, पंप बंद पडतात, सोडियमचा उतार सपाट होतो, आणि मग हेच हमाल उलटे चालायला लागतात. आतलं ग्लुटामेट बाहेर टाकायला लागतात. पेशींवर निरोपांचा इतका भडिमार होतो की त्या त्यातच मरतात, मिनिटागणिक. तोंड वाकडं झालं, एक हात उचलत नाही, बोबडं बोलतोय असं दिसलं की मीठ-साखरेचं पाणी पाजत बसू नका, सरळ सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलला घेऊन जा. रात्री मेडिकलचं शटर वाजवून गोळी मागायला येणाऱ्यांना मी हेच सांगतो.

आता आईकडे येतो, पण वाटेत सर्पगंधा आहे.

सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे आयुर्वेदात जुनं. झोप येत नाही, डोकं फिरलंय, वेडाचा झटका आलाय, अशांना द्यायचे. मुंबईला केईएममध्ये डॉ. रुस्तम जाल वकील हृदयरोगाचे डॉक्टर होते, त्यांनी ते ब्लडप्रेशरच्या पेशंटना पद्धतशीर देऊन बघितलं आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये पेपर लिहिला. मुंबईतल्या एका वॉर्डातलं काम, आणि त्यावर सगळ्या जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडला सिबा कंपनीने मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं आणि ते ब्लडप्रेशरला आणि मानसिक आजारांना धडाधड वापरात आलं. पण काही पेशंट रेसर्पिनवर विचित्र व्हायचे. हालचाल मंद, अंग ताठ, चेहरा निर्विकार. औषध बंद केलं की परत ठीक. हुबेहूब पार्किन्सन्स.

स्वीडनमध्ये अर्विड कार्लसनने १९५७ मध्ये सशांना रेसर्पिन दिलं. ससे कान पाडून गपगार बसले, हलेनात. मग त्यांना एल-डोपा टोचलं, जे शरीरात डोपामिन बनवायचा कच्चा माल आहे. पाव तासाच्या आसपास ससे उठून इकडे तिकडे फिरायला लागले. तोवर डोपामिनला कुणी विचारत नव्हतं, नॉरॲड्रिनॅलिन बनता बनता मधे लागणारा टप्पा म्हणून सोडून दिलेलं. कार्लसनने मोजून दाखवलं की सशांच्या मेंदूत परत भरलं ते डोपामिनच. १९६० मध्ये लंडनला एका परिषदेत मोठमोठ्या लोकांनी त्याचं म्हणणं मानलं नाही, त्यात स्वतः हेन्री डेल होते, ज्यांनी लोवीबरोबर नोबेल घेतलं होतं. पण त्याच वर्षी व्हिएन्नात पार्किन्सन्सने गेलेल्या माणसांचे मेंदू तपासले तर डोपामिन खरंच अगदी कमी निघालं. कार्लसनला नोबेल मिळायला २००० साल उजाडलं.

आणि रेसर्पिन करत काय होतं? तेही एका हमालालाच अडवत होतं, पण हा वेगळा, पेशीच्या आतला. परत आणलेलं आणि नवीन बनलेलं डोपामिन त्या बारीक पिशव्यांमध्ये भरून ठेवणारा. तो अडला की डोपामिन पिशवीबाहेर उघड्यावर राहतं आणि आतली एन्झाइम त्याचा चुरा करतात. झटका येतो, पिशवी फुटते, आणि पिशवीत काहीच नसतं. मी हे वाचलं तेव्हा आईच्या ऑफमधल्या, म्हणजे गोळी लागू नसतानाच्या, चेहऱ्याची आठवण झाली. तिला हसायचं असतं. डोळ्यांत दिसतं. चेहऱ्यापर्यंत येत नाही.

आता तिच्या गोळीचं. थेट डोपामिन गोळीतून का देत नाहीत, असं माझ्या मुलीने मला विचारलं, अकरावीत आहे. कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जी भिंत आहे तिच्यात डोपामिनला दार नाही. एल-डोपाला आहे, कारण ते अमिनो ॲसिड आहे. मेंदूला प्रोटीन बनवायला अमिनो ॲसिड लागतात, त्यांना आत न्यायला भिंतीत हमाल ठेवलेले आहेत, आणि एल-डोपा त्यांच्याच रांगेत उभं राहून आत जातं. खाजकुइलीच्या बियांत हे एल-डोपा भरपूर असतं, १९३७ मध्येच दामोदरन आणि रामस्वामी या दोघांनी त्या बियांतून वेगळं काढलं होतं, पण त्याचा पार्किन्सन्सशी काय संबंध ते तेव्हा कुणाला माहीत असणार. गोळीत एल-डोपाबरोबर कार्बिडोपा असतं, ते बाहेरच्या बाहेर डोपामिन होऊ देत नाही, नाहीतर मळमळीने माणूस हैराण होतो.

पण रांग म्हटली की रांगेत बाकीचेही आले. प्रोटीन खाल्लं की ते पोटात सुटं होऊन अमिनो ॲसिडच होतात, आणि फेनिलॲलॅनिन, टायरोसिन, ल्युसिन अशी सगळी मंडळी नेमक्या त्याच हमालाकडे जातात. आतड्यातही तसंच, मेंदूच्या भिंतीपाशीही तसंच. हमाल तेवढेच, माल जास्त.

आमच्या हिने एक वही केली होती, शंभर पानी, गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, काय खाल्लं, आई ऑन कधी आणि ऑफ कधी. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सुरू केलेली. एका रात्री दुकान बंद करून आल्यावर मी ती वही घेऊन बसलो, एकादशीची पानं तेवढी बाजूला काढली. एरवीच्या दुपारी: एक वाजता गोळी आणि लगेच जेवण, वरणभात, मटकीची उसळ, वर वाटीभर दही. एकादशीला: रताळं, केळं, साबुदाणा, आणि पित्तामुळे तिला दाण्याचं कूट चालत नाही म्हणून तेही नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. त्या दिवशी रांगेत गर्दीच नव्हती.

गोळ्यांची पाकिटं रोज हातात घेणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं, पाकिटातल्या कागदावर सुद्धा लिहिलेलं असतं. पण वाचणं आणि आपल्या घरातल्या ताटात ते दिसणं यात अंतर पडतं. मी डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले बरोबर आहे, गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या आणि प्रोटीन जास्त करून रात्रीच्या जेवणात न्या, पण कमी करू नका, वजन उतरेल. आणि हे वाचणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे की आपल्या मनाने कुणाच्या ताटातलं वरण काढू नका. आधी विचारा.

एक गोष्ट मला तेव्हाच कळली. पहिली तीन-चार वर्षं याच ताटावर, याच वेळेला, आई दुपारभर चांगली असायची. तेव्हा तिच्या मेंदूत डोपामिनची बरीच टोकं शिल्लक होती, ती आलेला माल उचलून पिशव्यांत भरून ठेवायची, कणगीत धान्य ठेवावं तसं, आणि तासन् तास थोडं थोडं काढून वापरायची. आता टोकं कमी, म्हणजे हमाल कमी, पिशव्या कमी. आलेला दिवस आल्या गोळीवर काढायचा. मध्ये पाऊण तास उशीर झाला तरी शरीराला कळतो. गेल्या वर्षीपासून तिला एन्टाकॅपोनची गोळी जास्तीची लागली, लघवी नारिंगी झाली म्हणून घाबरली होती, मी म्हटलं त्या गोळीने होतं तसं. ही गोळी अडवते ते कॉम्ट एन्झाइम, म्हणजे ॲक्सलरॉडचं ते, १९५७ चं. एक डोळा गेलेल्या त्या माणसाने शोधलेली कात्री आमच्या घरात दिवसातून चार वेळा बोथट केली जाते, तेव्हा कुठे एल-डोपा जरा जास्त वेळ टिकतं.

वरण रात्री गेलं. यावरून आई चार दिवस नाराज होती, वरणाशिवाय भात म्हणजे तिच्या लेखी जेवणच नाही. दुपारी बारा वाजता पाण्याबरोबर गोळी, पाऊण वाजता भात-भाजी-भाकरी. फरक पडला, एकादशीइतका नाही, पण दुपारी तीनला ती आता बऱ्याचदा आपली आपण उठते. का ते तिला सांगायला मी एकदा तिच्याजवळ बसलो. अमिनो ॲसिड वगैरे काही म्हटलं नाही. म्हटलं, आई, एकादशीला पंढरपुरात दर्शनबारी केवढी असते, पण तुझ्या डोक्याच्या दाराशी नेमकी त्याच दिवशी गर्दी नसते, म्हणून गोळी पटकन आत जाते.

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी दर्शन लवकर होतं म्हण की."

मी हो म्हटलं.

आता रोज बारा वाजता गोळी घेतली की ती पलंगावर बसून घड्याळाकडे बघते आणि स्वयंपाकघरातल्या हिला विचारते, "काय गं, आज बारी कुठवर आलीय?" कधी चाळीस मिनिटं लागतात, कधी तास होऊन जातो. परवा पंचेचाळीस मिनिटांनी डावा अंगठा हलला, मग पाऊल, आणि ती उठून कपडे काढायला मागच्या दारी गेली.